आईचे पाच प्रश्न आणि पिशवीवाले प्राणी

(द्वितीय वर्ष, कला शाखा)

कला शाखेच्या विद्यार्थिनीने प्राण्यांवर अभ्यासलेख लिहावा, हे काही वाचकांना चमत्कारिक वाटेल. माझे विषय मराठी, इतिहास आणि भूगोल. प्राणिशास्त्राचा आणि माझा संबंध दहावीच्या विज्ञानाच्या पुस्तकाबरोबरच संपला होता. तो पुन्हा कसा जुळला, हे आधी सांगते.

गेल्या श्रावणात माझी ताई बाळंत झाली. दिवस भरायला अजून आठ आठवडे होते. मुलगा झाला, पण वजन अवघे दीड किलो. रुग्णालयात काही दिवस तो काचेच्या पेटीत होता. नंतर ताईला आणि त्याला एका वेगळ्या खोलीत हलवले. त्या खोलीच्या दारावर पाटी होती, 'कांगारू कक्ष'. आत सात-आठ आया टेकून बसल्या होत्या आणि प्रत्येकीच्या छातीवर, कापडाच्या पट्ट्याने बांधलेले, तिचे एवढेसे मूल होते. सिस्टरांनी ताईलाही तसेच बसवले. ताई जेवायला किंवा घटकाभर पाठ टेकायला गेली की बाळाला अंगाशी धरण्याची पाळी माझी असे. मावशी म्हणून माझे हे पहिले काम.

माझी आई शाळेत गेलेली नाही. बाबा कोळशाच्या खाणीत कामाला आहेत, ते चौथीपर्यंत शिकले. आमच्या घरातून कॉलेजची पायरी चढलेली मी पहिलीच. त्यामुळे घरात कोणताही कागद आला, कोणताही शब्द अडला, की तो माझ्याकडे येतो. त्या दिवशी आईने पाटी वाचून घेतली आणि विचारले, "कांगारू म्हंजे काय वं?"

मी ऐटीत सांगितले, "ऑस्ट्रेलियातला प्राणी आहे. त्याच्या पोटाला पिशवी असते. त्यात तो पिल्लू ठेवतो."

"तो कसा ठेवीन? ती ठेवीन," आई म्हणाली. "मंग पिल्लू थैलीतच जलमते का? का बाहीर जलमते? मंग त्याले थैलीत कोन ठेवते? आन् आपलं लेकरू कच्चं निघालं म्हून आपल्याले हे करा लागते. तिचं का दरवक्ती कच्चंच निघते?"

मला एकाही प्रश्नाचे उत्तर देता आले नाही. "पाहून सांगते," एवढेच म्हटले. माझ्याजवळच्या सामान्यज्ञानाच्या पुस्तकात कांगारूवर एकच ओळ होती : अपूर्ण वाढीच्या पिल्लांना जन्म देणारा, कमी विकसित सस्तन प्राणी. ही ओळ मी आईला वाचून दाखवू शकले नाही. शेजारच्या खाटेवर ताई होती आणि तिच्या अंगावर ते बाळ होते. 'अपूर्ण' आणि 'कमी' हे शब्द त्या खोलीत माझ्या तोंडून निघेनात.

मग मी आमच्या ग्रंथालयात गेले. ग्रंथपालांनी विश्वकोशाचे खंड काढून दिले, भूगोलाच्या सरांनी इंग्रजी पुस्तके दिली. शब्दकोश शेजारी ठेवून दोन महिने वाचत होते. जे समजले ते आईच्या प्रश्नांच्या क्रमानेच मांडते. तिने तीन प्रश्न रुग्णालयात विचारले होते, दोन नंतर घरी विचारले.

१. कांगारू म्हणजे काय?

आधी नावाची गोष्ट. १७७० साली कॅप्टन कुक यांचे 'एंडेव्हर' हे जहाज ऑस्ट्रेलियाच्या ईशान्य किनाऱ्यावर खडकाला लागून फुटले. दुरुस्तीसाठी ते काही आठवडे एका नदीच्या मुखाशी थांबले होते. तेथील गुगू यिमिधिर लोकांकडून जहाजावरच्या मंडळींनी या प्राण्याचे नाव ऐकून लिहून घेतले. पुढे एक किस्सा पसरला, की गोऱ्यांनी 'हा कोणता प्राणी?' असे विचारले, त्यावर तेथला माणूस 'मला समजत नाही' म्हणाला, आणि तेच नाव पडले. शाळेत असताना एका स्पर्धेत हा किस्सा मी स्वतः सांगितला होता आणि टाळ्या घेतल्या होत्या. तो खोटा आहे. १९७० च्या दशकात जॉन हॅविलंड या भाषाभ्यासकाने गुगू यिमिधिर भाषेचा अभ्यास केला, तेव्हा 'गंगुरू' हे मोठ्या कांगारूच्या एका जातीचे खरेखुरे नाव असल्याचे त्याने दाखवून दिले. तेथल्या माणसाला प्रश्न समजला होता आणि त्याने उत्तरही बरोबर दिले होते. दोनशे वर्षे हसे मात्र त्याचेच झाले.

आता प्राण्याविषयी. अंगावर केस असणारे आणि पिल्लांना दूध पाजणारे ते सस्तन प्राणी. त्यांच्या सहा हजारांहून अधिक जाती आज माहीत आहेत. त्यांचे तीन गट पडतात. पहिला गट अंडी घालणाऱ्यांचा. यात प्लॅटिपस आणि चार प्रकारचे एकिडना अशा पाचच जाती उरल्या आहेत. दुसरा गट शिशुधान प्राण्यांचा, म्हणजे पोटाच्या पिशवीत पिल्लू वाढवणाऱ्यांचा. या पिशवीला शिशुधानी म्हणतात. इंग्रजी मार्सुपियल हा शब्दही पिशवी या अर्थाच्या लॅटिन शब्दावरून आलेला आहे. तिसरा गट उंदरापासून हत्तीपर्यंत आणि वटवाघळापासून देवमाशापर्यंत बाकी सर्वांचा. आपण याच गटात येतो.

मला वाटत होते की पिशवीवाला प्राणी म्हणजे कांगारू. प्रत्यक्षात या गटात साडेतीनशेहून अधिक जाती आहेत. निलगिरीची पाने खाणारा कोआला त्यात आहे. त्याला अस्वल म्हणतात, पण अस्वलाशी त्याचा काही संबंध नाही. बिळे खणणारा वोम्बॅट, मांसाहारी टास्मानियन डेव्हिल, वाळवी खाणारा नंबाट, झाडावरून झाडावर तरंगत जाणारा शुगर ग्लायडर आणि वाळूत पोहल्यासारखा चालणारा आंधळा मार्सुपियल मोल हे सर्व एकाच गटातले. आपली उडती खार आणि तो ग्लायडर यांची चित्रे मी शेजारी ठेवून पाहिली. दोघांच्याही पुढच्या पायापासून मागच्या पायापर्यंत कातडीचा पडदा असतो. नाते अतिशय दूरचे, पण काम सारखे म्हणून रूपही सारखे झाले.

हे सर्व ऑस्ट्रेलियातच आहेत असेही नाही. न्यू गिनीत आणि इंडोनेशियाच्या पूर्वेकडच्या काही बेटांवर ते आहेत. दक्षिण आणि मध्य अमेरिकेत तर ऑपॉसम व त्याच्या नातलगांच्या शंभराहून अधिक जाती आहेत. युरोपीय लोकांनी पहिल्यांदा पाहिला तो अमेरिकेतलाच. विसेंते पिन्झोन या स्पॅनिश खलाशाने १५०० साली ब्राझीलहून ऑपॉसमची एक मादी स्पेनच्या राजा-राणीला दाखवायला नेली होती.

पिशवी ही या गटाची खूण, असे समजावे तर नंबाटच्या मादीला पिशवी नसते. काही लहान ऑपॉसमांनाही नसते. पिल्ले सडांना चिकटून उघडीच लोंबतात. वोम्बॅटची पिशवी मागच्या बाजूला उघडते, कारण ती पुढे उघडली असती तर बीळ खणताना माती आत गेली असती. तेव्हा खरी खूण पिशवी नव्हे. पिल्लू अगदी लहान असताना जन्माला घालायचे आणि मग दीर्घकाळ दुधावर वाढवायचे, ही खूण.

२. पिल्लाला पिशवीत कोण ठेवते?

हा प्रश्न पडलेली माझी आई पहिली नव्हे. १६२९ साली फ्रान्सिस्को पेल्सार्ट या डच कप्तानाचे जहाज पश्चिम ऑस्ट्रेलियाजवळच्या बेटांवर फुटले. तेथे त्याने लहान जातीचे कांगारू पाहिले. पिशवीत सडाला घट्ट चिकटलेले इवलेसे पिल्लू पाहून त्याने तर्क केला, की हे सडातूनच फळासारखे उगवत असावे. तर्क चुकला, पण त्याने पिशवीत डोकावून पाहिले होते, हेही खरे. आई पिल्लाला ओठांनी किंवा पंजाने उचलून पिशवीत ठेवत असावी, असेही पुष्कळ दिवस मानले जाई.

प्रत्यक्षात घडते ते असे. लाल कांगारू ही आजची सर्वांत मोठी जात. तिच्या मादीचे वजन पंचवीस-तीस किलो. तिचे गर्भारपण सुमारे ३३ दिवसांचे. जन्मलेले पिल्लू जेमतेम एक इंच लांब आणि वजनाला एका ग्रॅमहूनही कमी, म्हणजे घेवड्याच्या एक-दोन दाण्यांइतके. अंगावर केस नाहीत, डोळे बंद, मागचे पाय म्हणजे नुसते कोंब. मात्र पुढचे दोन पाय मजबूत आणि त्यांना नख्या असतात. त्या दोन पायांनी आईच्या केसांना धरत, पोहल्यासारखे हात मारत, ते स्वतःच वर चढते. आई शेपटी पुढे घेऊन, पाठ टेकून बसलेली असते. ती स्वतःचे अंग चाटून साफ करते, पण पिल्लाला हात लावत नाही. तीन ते पाच मिनिटांत ते पिशवीत पोचते. तेथे चार सड असतात. त्यांपैकी एक ते तोंडात धरते. सडाचे टोक तोंडात फुगते आणि पिल्लू इतके घट्ट अडकते, की पुढचे दोन महिन्यांहून अधिक दिवस ते सुटत नाही.

पाचव्या महिन्याच्या सुमारास ते पिशवीबाहेर डोके काढते. आठव्या महिन्याच्या सुमारास कायमचे बाहेर पडते, तरी वर्षाचे होईपर्यंत डोके आत घालून दूध पितच राहते.

हे मी आईला सांगितले तेव्हा ती बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "म्हंजे कोनीच ठेवत नाही. थेच जाते."

३. ते दरवेळी कच्चेच का जन्मते?

हा प्रश्न सर्वांत अवघड, आणि माझ्या पुस्तकातली ती ओळ येथेच आडवी येत होती. ती ओळ कोठून आली, याचाही थोडा शोध घेतला. १८८० साली टी. एच. हक्सली या इंग्रज शास्त्रज्ञाने सस्तन प्राण्यांच्या तीन पायऱ्या मांडल्या. खालच्या पायरीवर अंडी घालणारे, मधल्या पायरीवर पिशवीवाले आणि वरच्या पायरीवर आपण सर्व. आपल्या गटाला जे ग्रीक नाव आहे त्याचा अर्थच मुळी 'खरे' किंवा 'चांगले' पशू असा होतो. पायऱ्या मांडणारा वरच्या पायरीवर बसला यात नवल नाही, पण पुढे शंभर वर्षे पुष्कळ पुस्तकांत हेच उतरत गेले.

पिशवीवाल्यांना वार नसते, म्हणून ते कमी, असे कारण दिले जाई. तेही पूर्ण खरे नाही. त्यांनाही वार असते. ती साधी असते आणि थोडेच दिवस काम करते. बँडिकूट नावाच्या प्राण्यांत तर ती आपल्या प्रकारच्या वारेशी मिळतीजुळती असते. फरक आहे तो आईने आपली ताकद केव्हा खर्च करायची याचा. गाय, बकरी किंवा बाई पिल्लावरचा मोठा खर्च ते पोटात असतानाच करते. कांगारूची मादी पोटातले दिवस थोडक्यात आटोपते आणि पुढचे सगळे काम दुधावर सोपवते.

ते दूधही साधे नव्हे. पिल्लाच्या वयाप्रमाणे ते बदलत जाते. कोवळ्या पिल्लाचे दूध पातळ असते, मोठ्या पिल्लाचे घट्ट आणि स्निग्ध. कधी कधी एक पिल्लू बाहेर उड्या मारू लागलेले असते आणि दुसरे नुकतेच जन्मून पिशवीत आलेले असते. अशा वेळी एकाच मादीच्या शेजारशेजारच्या दोन सडांतून दोन वेगळ्या प्रकारचे दूध येते, आणि मोठे पिल्लू आपल्याच सडाला लागते.

याहून आश्चर्याची गोष्ट म्हणजे त्याच वेळी तिच्या पोटात तिसराही जीव असू शकतो. पिशवीतले पिल्लू जन्मल्यानंतर एक-दोन दिवसांतच मादी पुन्हा गाभण राहते, पण तो गर्भ शंभरच्या आत पेशी झाल्या की थांबतो. वाढत नाही आणि मरतही नाही. पिशवीतले पिल्लू मोठे होऊन दूध कमी ओढू लागले, किंवा दगावले, की हा थांबलेला गर्भ पुन्हा वाढू लागतो. ऑस्ट्रेलियाच्या मधल्या कोरड्या प्रदेशात पावसाचा भरवसा नसतो. दुष्काळ पडला आणि दूध आटले तर पिशवीतले पिल्लू जाते, पण आई वाचते. पाऊस झाला तर पुढचे पिल्लू महिन्याभरात जन्म घेऊ शकते. हे वाचताना मला वाईट वाटले, पण दुष्काळात गाभण गाय मोडून पडलेली आमच्या गावातही लोकांनी पाहिली आहे.

आता 'कच्चे' या शब्दाविषयी. आमच्या घरी दोन बकऱ्या आहेत. बकरीचे पिल्लू जन्मल्यावर तासाभरात उभे राहते आणि आईला लुचू लागते. माणसाचे पूर्ण दिवसांचे मूल नुसती मान धरायला तीन-चार महिने लावते. बकरीने जर सामान्यज्ञानाचे पुस्तक लिहिले असते, तर तिने आपल्या मुलांविषयी काय लिहिले असते? कांगारूच्या पिल्लाला पाय नाहीत, डोळे नाहीत, हे खरे. पण त्या दिवशी त्याला चढायचे असते आणि सड धरायचा असतो. त्यासाठी लागणारे पुढचे पाय, नाक आणि तोंड तयार असतात. ज्युलिया क्रीक डनर्ट या उंदराएवढ्या प्राण्याच्या नवजात पिल्लाची फुप्फुसे इतकी लहान असतात, की सुरुवातीला बराचसा प्राणवायू ते आपल्या पातळ कातडीतूनच घेते, असे १९९९ साली दिसून आले. म्हणजे त्याचीही सोय आहे.

या पद्धतीची किंमत नाही असे मात्र नव्हे. जन्मताच चढावे लागते, म्हणून पुढच्या पायांची घडण प्रत्येक पिल्लात लवकर आणि ठरावीक तऱ्हेने व्हावी लागते. पिशवीवाल्यांत वटवाघळासारखे पंखवाले किंवा देवमाशासारखे वल्ह्यांचे हात असलेले कोणी झाले नाही, त्याचे हे एक कारण असावे असे अभ्यासक मानतात. ऑपॉसमच्या मादीला बहुधा तेरा सड असतात आणि पिल्ले त्याहून अधिक जन्मतात. ज्यांना सड मिळत नाही ती जगत नाहीत. प्रत्येक रीतीत काही मिळते, काही द्यावे लागते. तिला खालची पायरी म्हणायचे कारण मला दिसले नाही. १९७० नंतरच्या पुष्कळ अभ्यासकांनीही ती पायऱ्यांची भाषा सोडली आहे.

४. मग आपल्याकडे काहून नाहीत?

हा प्रश्न आईने घरी, चुलीसमोर विचारला. याचे उत्तर देताना मी उठून दाराशी ठेवलेला दगड उचलून आणला. बाबांनी पुष्कळ वर्षांपूर्वी तो खाणीतून आणला होता. त्यावर जिभेच्या आकाराच्या पानाचा ठसा आहे. आम्ही तो दार वाऱ्याने लागू नये म्हणून लावत असू. भूगोलाच्या सरांना दाखवला तेव्हा ते म्हणाले की हे ग्लॉसोप्टेरिसचे पान, पंचवीस कोटी वर्षांहून जुने. अशीच पाने ऑस्ट्रेलियात, दक्षिण आफ्रिकेत, दक्षिण अमेरिकेत आणि अंटार्क्टिकातही सापडतात, कारण तेव्हा हे सर्व भूभाग एकमेकांना जोडलेले होते.

त्या जोडलेल्या भूखंडाला गोंडवन म्हणतात. एदुआर्द झ्यूस या ऑस्ट्रियन भूशास्त्रज्ञाने १८८५ साली हे नाव रूढ केले. मध्य भारतातल्या खडकांना आधीच ते नाव दिलेले होते. गोंडवन म्हणजे गोंडांचा देश. गोंड राजांचा परकोट आमच्या चंद्रपूरला आजही उभा आहे. आमच्या शेजारच्या गोंड कुटुंबाचे नाव एवढ्या मोठ्या भूखंडाला आहे, हे मला कॉलेजात येईपर्यंत कोणी सांगितले नव्हते.

पुढे गोंडवन तुटत गेले. भारताचा तुकडा अंटार्क्टिका आणि ऑस्ट्रेलियापासून सुमारे बारा-तेरा कोटी वर्षांपूर्वी सुटला आणि उत्तरेकडे निघाला. पिशवीवाले दक्षिणेत पोचले ते त्यानंतर. त्यांचे सर्वांत जुने अवशेष उत्तर अमेरिकेत सापडतात. तेथून ते दक्षिण अमेरिकेत, तेथून अंटार्क्टिकामार्गे ऑस्ट्रेलियात गेले. अंटार्क्टिकात तेव्हा बर्फ नव्हते, जंगल होते. हा नुसता तर्क राहू नये म्हणून लोक तेथे पुरावा शोधत होते. १९८२ साली अंटार्क्टिकाजवळच्या सीमोर बेटावर पिशवीवाल्या प्राण्याच्या जबड्याचे अवशेष मिळाल्याचे जाहीर झाले. आजही चिलीच्या जंगलात मोनितो देल मोन्ते नावाचा उंदराएवढा प्राणी आहे. तो राहतो अमेरिकेत, पण त्याचे जवळचे नाते ऑस्ट्रेलियातल्या पिशवीवाल्यांशी आहे. त्या जुन्या वाटेवरचा तो मागे राहिलेला प्रवासी म्हणावा.

थोडक्यात, त्यांची पंगत बसण्याआधीच आपण घर सोडून निघालो होतो. आपल्याकडून तिकडे गेले ते एक नाव. आपल्या घुशीला तेलुगूत पंदिकोक्कु म्हणतात, म्हणजे डुकरासारखा उंदीर. इंग्रजांनी त्याचे बँडिकूट केले आणि पुढे ऑस्ट्रेलियात लांब नाकाचा एक पिशवीवाला प्राणी दिसला तेव्हा त्यालाही तेच नाव चिकटवले. वर ज्याच्या वारेचा उल्लेख केला तो हाच बँडिकूट. तो घूस नव्हे, उंदीरही नव्हे.

५. आता बरे आहेत ना ते?

आईच्या या शेवटच्या प्रश्नाला मला 'हो' म्हणता आले नाही.

मोठे कांगारू पुष्कळ आहेत. लहान प्राण्यांची स्थिती तशी नाही. १७८८ साली इंग्रजांची वसाहत ऑस्ट्रेलियात झाली. तेव्हापासून आजपर्यंत तेथले तीसहून अधिक सस्तन प्राणी नाहीसे झाले आणि त्यांत पिशवीवाले पुष्कळ. लोकांनी मांजरे आणली, शिकारीच्या हौसेसाठी कोल्हे आणले, ससे आणले, रान तोडून मेंढ्या घातल्या. टास्मानिया बेटावर थायलसीन नावाचा पाठीवर पट्टे असलेला, लांडग्यासारखा दिसणारा पिशवीवाला प्राणी होता. तो मेंढ्या मारतो म्हणून तेथील सरकारने १८८८ ते १९०९ या काळात प्रत्येक मोठ्या थायलसीनमागे एक पौंड इनाम दिले. २,१८४ इनामे दिल्याची नोंद आहे. १९३६ च्या १० जुलैला त्याला मारण्यास कायद्याने बंदी झाली. त्याच वर्षी ७ सप्टेंबरला होबार्टच्या प्राणिसंग्रहालयात शेवटचा थायलसीन मेला. मध्ये फक्त ५९ दिवस.

यावरूनही कोणी म्हणेल, की पाहा, ते दुबळेच होते, वरच्या पायरीवरच्यांपुढे टिकले नाहीत. मलाही ही शंका आली. पण ऑपॉसम दक्षिण अमेरिकेतून उत्तरेकडे पसरत गेला आणि आपल्या गटाच्या कोल्ह्या-मांजरांमध्ये राहून आज कॅनडाच्या दक्षिण भागापर्यंत पोचला आहे. पश्चिम ऑस्ट्रेलियाच्या किनाऱ्याजवळ बर्नियर आणि डोर ही दोन बेटे आहेत. मुख्य भूमीवर नष्ट झालेले काही लहान पिशवीवाले या बेटांवर टिकून राहिले, कारण तेथे कोल्हे पोचले नाहीत. त्यांची रीत लाखो वर्षे चालली होती. तिच्यावर एकाच शतकात बंदूक, कुऱ्हाड, कोल्हा आणि मांजर असे सर्व एकदम आले. त्यात त्यांच्या पिशवीचा दोष काय?

समारोप

आता त्या कक्षाच्या पाटीकडे परत येते. 'कांगारू पद्धत' ही १९७८ साली कोलंबिया देशातील बोगोटा शहरात एडगर रे सानाब्रिया या डॉक्टरांनी सुरू केली. त्यांच्या रुग्णालयात काचेच्या पेट्या कमी होत्या, एका पेटीत एकाहून अधिक बाळे ठेवावी लागत आणि जंतुसंसर्गाने मुले दगावत. त्यांनी बाळांना आईच्या उघड्या छातीवर उभे बांधून ठेवायला सुरुवात केली. ऊब, दूध आणि स्पर्श तिन्ही एका जागी मिळू लागले. पेटीला पर्याय म्हणून निघालेली ही युक्ती पुढे मोठ्या रुग्णालयांनीही स्वीकारली. कमी दिवसांच्या आणि कमी वजनाच्या बाळांसाठी ही पद्धत जन्मानंतर शक्य तितक्या लवकर सुरू करावी आणि दिवसातून आठ ते चोवीस तास द्यावी, अशी शिफारस जागतिक आरोग्य संघटनेने २०२२ साली केली आहे.

मात्र एक फरक मला या अभ्यासातून कळला. तो लिहिला नाही तर लेख अपुरा राहील. कांगारूचे पिल्लू आपल्या वेळेवर येते. आमचे बाळ त्याच्या वेळेआधी आले. त्याची तयारी पोटात आणखी आठ आठवडे राहण्याची होती, चढण्याची नव्हती. म्हणून त्याला आधी पेटी लागली, औषधे लागली, डॉक्टर आणि सिस्टर लागल्या. कांगारूकडून आपण घेतले ते एवढेच, की बाळंतपण जन्मापाशी संपत नाही, पोटाबाहेरही ते चालू ठेवता येते. आणि आपल्यात ते आईलाच करावे लागते असेही नाही. बाप करू शकतो, आजी करू शकते, मावशी करू शकते.

हे सर्व मी आईला समजावून सांगितले. तिने ऐकून घेतले आणि आपल्या शब्दांत मांडले, "म्हंजे तिचं लेकरू कच्चं नाही. आपलं थोडं घाईनं आलं, इतकंच."

मी त्या सामान्यज्ञानाच्या पुस्तकातली ओळ खोडली नाही, पुस्तक माझ्या मैत्रिणीचे आहे. समासात पेन्सिलीने 'कोणाच्या मापाने?' एवढे लिहून ठेवले आहे.

बाळाचे वजन गेल्या सोमवारी तीन किलो दोनशे भरले.